कुलूपबंद दारासमोरची चटई

मी चटई आहे खरी, पण माझ्यावर बसायची कुणाची छाती नाही. केवड्याची पानं उकळून, वाळवून, सुतासारखी बारीक चिरून फुआतिनोने मला दोन वर्षं विणलं. कडेला लाल पिसं लावली. हात फिरवलात तर रेशमी लुगडंच वाटेन. फुआतिनो गेली आणि मी तिच्या मुलाच्या, पेसामिनोच्या पेटीत आले. पेसामिनो म्हणजे सामोआतल्या आमच्या गावाचा प्रमुख.

लग्नाला, मयताला मला देतात. पण माझं सगळ्यांत अवघड काम वेगळंच आहे. कुणाच्या हातून मोठा अपराध घडला, की तो मला डोक्यावरून पांघरतो आणि ज्याचा अपराध केला त्याच्या दारात गुडघे टेकतो. घरचं माणूस बाहेर येऊन मला उचलतं, म्हणजे माफी मिळाली. कुणी आलंच नाही, तर बसून राहायचं.

पोरं एकेक करून न्यूझीलंडला गेली, घरं ओस पडली. म्हणून पेसामिनोने किनाऱ्यावर हॉटेलला होकार दिला. "काम इथंच मिळालं तर पोरं आपल्या माणसांच्या कबरींजवळ राहतील," म्हणायचा. मन साफ होतं हो त्याचं! पण रस्ता खणताना बुलडोझरवाल्याला बोट दाखवलं तेही त्यानंच. "नीरफणसाच्या झाडाशी कबरी संपतात, पुढे खुशाल खण." त्याला सिमेंटच्या कबरीच तेवढ्या आठवल्या. झाडापलीकडे नुसतं दगडांचं कडं करून गावातल्या सिएनीला पुरलं होतं. बुलडोझरने ती कबर उखडून टाकली. तिला खांदा देणारा पेसामिनोच, आणि विसरला तोही पेसामिनोच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो मला पांघरून सिएनीच्या दारात बसला. दाराला हे भलंमोठं कुलूप. तिचा एकुलता मुलगा फालानिको ऑकलंडला.

शेजारची लोसा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दादा, कुलपाची माफी मागतोस होय रे?" पण बोलता बोलता तिचेच डोळे भरले. तिने फालानिकोला फोन लावून माझ्या कडेखाली धरला.

"काका, उठा हो! केलं माफ. माझी शिफ्ट सुरू होतेय."

"तुझ्या घरचा हात लागल्याशिवाय कसा उठू, पोरा?"

"सुट्टी नाही देत इथं." मग त्याने हळूच विचारलं, "काका, आईचं... काही सापडलं का?"

माझ्याखाली पेसामिनो लहान पोरासारखा रडला.

दुपारी ऊन तापलं, म्हातारा एका अंगाला कलला. हॉटेलचा परदेशी साहेब धावत आला. माणूस वाईट नव्हता, पाणी घेऊन आला होता. "अहो, हात नका लावू!" लोसा ओरडेपर्यंत त्याने मला उचललंसुद्धा.

आता काय करायचं? उचलेल त्याची चटई, ती परत घ्यायची नसते. "नेऊ दे त्याला," पेसामिनो एवढंच म्हणाला. साहेबाला मी भेटच वाटले.

तेव्हापासून मी हॉटेलच्या दर्शनी भिंतीवर काचेत आहे. लोसाची मुलगी इथंच कामाला लागली, रोज काच पुसते आणि नजर टाळते.

नाताळात फालानिको दोन दिवसांसाठी आला. हॉटेलात शिरताक्षणी त्याने मला ओळखलं. काचेला तळवा टेकला.

"पाच मिनिटं काढून दे गं. काका बाहेर थांबलेत."

"किल्ली साहेबांकडे, दादा. ते देशाबाहेर गेलेत."

"मग फोडतो."

"फोड की," ती हळूच म्हणाली. "पण नोकरी माझी जाईल. आईनं मला ऑकलंडला पाठवलं नाही, ते या नोकरीच्याच भरवशावर."

त्याने उगारलेला हात खाली घेतला. नोकरी काय असते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक!

बाहेर खडीवर पेसामिनो उघड्या डोक्याने गुडघे टेकून बसला होता. फालानिको त्याच्यापुढे जाऊन उभा राहिला. हात पुढे केला आणि तसाच थांबला. उचलायला डोक्यावर काही नव्हतंच.

काचेतून मी सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या विमानाने फालानिको गेला. मला कुणीतरी खाली काढा हो. म्हातारा अजून मान खाली घालूनच चालतो.