मीनाबाईच्या घोट्यातले स्क्रू

धोंडिराम सर्वगोड यांनी कुर्डूवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात चौतीस वर्षं फिटरचं काम केलं. त्यांनी पिळलेला एकही बोल्ट कधी ढिला पडला नाही, असं ते सांगत आणि तिथले लोकही ते मान्य करत. निवृत्तीनंतर सोलापुरात बुधवार पेठेत घर घेतलं, तेव्हा दारांच्या बिजागऱ्यासुद्धा त्यांनी सुताराला लावू दिल्या नाहीत. अशा माणसाच्या बायकोच्या पायात डॉक्टरांनी विरघळणारे स्क्रू बसवले.

झालं असं, की मीनाबाई गच्चीवरून वाळलेल्या कुरडया घेऊन उतरताना शेवटच्या पायरीला चुकल्या आणि उजव्या घोट्याचं हाड मोडलं. डॉक्टर राजश्रींनी ऑपरेशन करून मॅग्नेशियमचे दोन स्क्रू घातले. बाहेर येऊन त्यांनी सांगितलं, की हे परत काढायला नकोत, वर्ष-दीड वर्षात अंगातच विरतील आणि त्या जागी हाड भरेल. विरतील म्हणजे गंजतील का, असं धोंडिरामांनी विचारलं. तसंच समजा, असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेल्या.

हे ‘तसंच समजा’ धोंडिरामांच्या घशाखाली उतरेना. ऑपरेशनच्या वेळी एक स्क्रू फरशीवर पडून वाया गेला होता, तो त्यांनी मागून घेतला. घरी आणून व्हर्निअरनं मोजला. आटे सुरेख होते. एवढे सुबक आटे पाडायचे आणि ते विरायला सोडून द्यायचे, हे त्यांना भरलं ताट उकिरड्यावर ओतल्यासारखं वाटलं. रक्त खारट असतं, म्हणून त्यांनी काचेच्या ग्लासात मिठाचं पाणी केलं, स्क्रू त्यात सोडला आणि ग्लास खिडकीत ठेवला. थोड्याच वेळात स्क्रूवरून बारीक बुडबुडे उठू लागले.

त्या दिवसापासून घरात तो ग्लास एखाद्या आजारी पाहुण्यासारखा राहू लागला. धोंडिराम सकाळी स्क्रू बाहेर काढून मोजत, पुन्हा आत सोडत आणि खुर्ची टाकून समोर बसत. येणारे-जाणारे आधी ग्लासाकडे बघत, मग मीनाबाईंची चौकशी करत. समोरचे चनबसप्पा पूर्वी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. त्यांनी बुडबुडे निरखून हा हायड्रोजन आहे आणि तो पेट घेतो, असं सांगितलं. धोंडिरामांनी लगेच मीनाबाईंना गॅसच्या शेगडीपासून लांब केलं. स्वयंपाक स्वतःकडे घेतला. त्यांच्या भाकरी वॉशरसारख्या होत, जाड आणि मधे भोक.

इतक्यावर भागलं नाही. खुर्चीला चार चाकं बसवून त्यांनी मीनाबाईंना तिच्यात बसवलं आणि पाय टेकायचा नाही अशी ताकीद दिली. सहा आठवड्यांनी हळूहळू चालायला लागा, असा डॉक्टरांचा फोन आला, तेव्हा त्यांनी हो हो म्हणून फोन ठेवला आणि घरात कुणाला काही सांगितलं नाही.

नवव्या आठवड्यात स्क्रू ग्लासातच मधोमध तुटला. धोंडिरामांनी दोन तुकडे तळहातावर घेतले. मीनाबाई शेजारी बसून पेरू खात होत्या, पण त्यांचा पायही आतून निखळला असणार, अशी धोंडिरामांची खात्री झाली. त्यांना काही न सांगता ग्लास घट्ट धरून ते रिक्षानं दवाखान्यात गेले.

डॉक्टर राजश्रींनी ग्लास हातात घेतला आणि हसू आवरलं. त्यांनी समजावलं, की नुसतं मीठपाणी धातूला भराभर खातं. अंगात तो सावकाश झिजतो आणि सुटलेला वायू रक्त वाहून नेतं. स्क्रू जसजसा मागे सरतो, तसतशा हाडाच्या पेशी त्या जागी नवं हाड घालत जातात. मोडलेलं तर तीन महिन्यांतच जुळतं. पुढं स्क्रू असला काय नि नसला काय.

“काका, तुमच्या ग्लासात हाड कुठंय?” त्या म्हणाल्या.

हा प्रश्न धोंडिरामांनी तांत्रिक सूचना म्हणून घेतला. तिथून ते थेट मटणाच्या दुकानात गेले आणि आजच्याच बोकडाचं नळीचं हाड मागून घेतलं. हाडाची पिशवी आणि ग्लास सांभाळत ते गल्लीत शिरले, तर समोरून दोन बायकांबरोबर बोलत, हातात काठी घेऊन मीनाबाई चालत येत होत्या. त्या विहारातून परतत होत्या. धोंडिराम जागीच थांबले.

“स्क्रू तुटला की,” ते म्हणाले.

“ग्लासातला का माझा?”

धोंडिरामांनी हातातल्या ग्लासाकडे बघितलं.

“तीन आठवडे झाले चालतीय मी,” मीनाबाई म्हणाल्या. “डाक्टरीणबाईंनी मलाबी फोन केला होता. तुमी ग्लासाकडं तोंड करून बसला, की मागच्या दारानं जायचे. तुमी एकदाबी वळून बघितलं न्हाय.”

त्या घरात जाऊन शेगडीपाशी उभ्या राहिल्या आणि त्यांनी भाकरी थापल्या. काही पेटलं नाही.

तरी धोंडिरामांनी हाडाला ड्रिलनं भोक पाडलं, त्यात अर्धा स्क्रू पिळला आणि ग्लासात बुडवलं. तीन दिवसांत असा वास सुटला, की ज्यांच्या घरात मांस चालत नव्हतं त्या चनबसप्पांनी आपली खिडकी कायमची लावून घेतली. चौथ्या दिवशी मीनाबाईंनी ग्लासासकट सगळं घंटागाडीत टाकलं. हाड जिवंत नव्हतं म्हणून जमलं नाही, एवढंच धोंडिराम म्हणाले.

पावणेदोन वर्षांनी शेवटचा एक्स-रे काढला. पहिल्या महिन्यातल्या फोटोत स्क्रूभोवती वायूचे काळे ठिपके होते. आता स्क्रूच्या जागी जेमतेम दिसणारी एक फिकट रेघ होती आणि तिच्यातून हाडाचे धागे आरपार गेले होते. धोंडिरामांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा बघितलं.

“मग आता हे धरलंय कशानं?” त्यांनी विचारलं.

“धरायला काही उरलंच नाही, काका. एकच हाड आहे.”

धोंडिरामांनी फोटोतल्या त्या रेघेवरून अंगठा फिरवला, जसा वर्कशॉपात जोडावरून फिरवत, आणि काम चांगलं झालंय, असं हलक्या आवाजात म्हणाले.

बाहेर आल्यावर ते भर रस्त्यात एक्स-रे उन्हाकडे धरून उभे राहिले. काय झालंय, असं रिक्षावाल्यानं विचारलं. आत काहीच नाही, बघा की, असं म्हणून त्यांनी फोटो त्याच्या पुढे धरला. तेवढ्यात मीनाबाई रिक्षात चढल्या आणि त्यांच्यासाठी आत सरकून बसल्या.