उल्कासुराचं हसू

राजेश्रीनं डोक्यावरची पाटी खाली ठेवली आणि बांधावर उभं राहून ती हसली. पोटातून, घोगरं, थांबत थांबत. हरभऱ्यात चरणारी नऊ हरणं ताठ झाली आणि ओढ्याकडं उधळली.

बांबूवरचा भोंगा आणखी उंच बांधत असलेले तिचे वडील, बालाजी, वळून बघत राहिले. आठ दिवस त्या भोंग्यातून त्यांचाच रेकॉर्ड केलेला ‘हाड्, हाड्’ वाजत होता आणि हरणं आता भोंग्याखालीच चरत होती.

“काय केलंस गं?”

“उल्कासूर केला, बाबा.”

टीव्हीवरची ‘ग्रहरक्षक’ मालिका राजेश्रीच्या जन्माआधीपासून चालू होती. तिच्यातला राक्षस, उल्कासूर, दर वर्षाच्या शेवटी मरायचा. नव्या वर्षी आधी त्याचं हसू यायचं, मग तो. यंदा शाळेच्या गॅदरिंगात त्याचंच नाटक होतं आणि नागनाथ सरांनी ‘राक्षस पोरगाच करणार’ म्हणत उल्कासूर वर्गातल्या भागवतला दिला होता. राजेश्री राजकन्या. तिला एकच शब्द होता, ‘वाचवा’. तोही तीनदा.

काल घरी ती रडली, तेव्हा बालाजी म्हणाले होते, “सर बरोबरच म्हणले. पोरीच्या जातीला असलं हसणं शोभतं व्हय?”

आज त्यांनी खिशातून मोबाइल काढून तिच्या तोंडापुढं धरला.

“पुन्ना हास.”

“तुमीच तर काल...”

“हरणाला काय कळतंय पोरगा हाय का पोरगी? हास.”

दुसऱ्या दिवशी सकाळपासून उल्कासूर हरभऱ्यात हसायला लागला. शेजारच्या म्हाळसाबाई खुरपं घेऊन बांधावर आल्या.

“बालाजी, टीव्हीतला राक्षस सालगडी ठेवलास व्हय रं?”

बालाजींनी डोक्याचा रुमाल सोडला, झटकला, पुन्हा बांधला.

“न्हाई मावशी. आमची राजी हाय ती.”

नागनाथ सर रोज पाचच्या सुमाराला याच रस्त्यानं मोटारसायकलवर ताडकळसला घरी जायचे. गाडीचा आवाज आला की बालाजी उठायचे, बांबूपाशी जायचे आणि भोंग्याच्या आवाजाचं बटण थोडं पिळायचे. राजेश्रीला ते दिसायचं. ती खाली मान घालून हरभऱ्याची भाजी खुडत राहायची.

तिसऱ्या दिवशी गाडी थांबली.

“बालाजीराव, मालिकेतलं हसू लावलंय का हे?”

“न्हाई सर. घरचं हाय.”

सरांनी राजेश्रीकडं पाहिलं. तिची बोटं पानांवरच्या आंबट आंबेनं हिरवी झाली होती.

“भागवतला लय सांगून बघितलं,” सर म्हणाले. “त्याचं हसू खोकल्यावानी निघायलंय. पण पोरगी म्हणल्यावर लोक...”

भोंगा हसला. सरांचं पुढचं वाक्य त्यात बुडालं. हसू थांबेपर्यंत ते थांबले, पुन्हा तोंड उघडलं, आणि भोंगा पुन्हा हसला.

“अहो, ते बंद करा जरा!”

“बंद करून कसं जमंल सर?” बालाजी शांतपणे म्हणाले. “हरणं टपूनच हायेत.”

सरांनी ओढ्याकडं पाहिलं. मग गाडी बंद केली, स्टँड लावला आणि राजेश्रीचं हसू समोरून ऐकायला ते बांधावर चढले.