मशीनच्या आवाजाआड

आई शिवणयंत्र चालवतानाच प्रार्थना करी. पायाखालच्या खडखडाटात आपले शब्द कोणाला ऐकू जात नाहीत असा तिचा समज होता. एका गाण्यात ताल म्हणून वापरायला तो खडखडाट तिच्या धाकट्या मुलाने ध्वनिमुद्रित केला, त्यातून कुजबुज वेगळी काढली, आणि तो समज खोटा ठरला. तिला मात्र हे ठाऊक नव्हते.

धाकटा ज्या बँडमध्ये की-बोर्ड वाजवी, त्यातल्या सहाही जणांची नावे गुप्त होती. छायाचित्रांतही ते मुखवटे घालूनच दिसत. श्रद्धेवरचा त्यांचा ‘साकडं’ हा अल्बम गाजला तो एका बाईच्या आवाजामुळे. मुद्दाम संथ आणि घोगरा केलेला तो आवाज म्हणे, "धाकट्याच्या हातून काही मोठं व्हायचं नाही, मला कळतं. पण त्याला ते कळू देऊ नकोस."

ही ओळ पहिल्यांदा ऐकली त्या दुपारी धाकटा भरल्या ताटावरून उठला होता. संध्याकाळी त्याने ती गाण्यात बसवली.

बँडच्या पहिल्या जाहीर प्रयोगाचे झगे आईनेच शिवले, कुठल्याशा नाटकाचे समजून. प्रयोग बसवणाऱ्या दिग्दर्शिकेला आता आवाज मूळ रूपातच हवा होता. रंगमंचावर एक रिकामे शिवणयंत्र, त्यावर दिवा, आणि तो उघडा आवाज.

"त्या बाईंना विचारलंयस ना?" तिने विचारले.

"घरातल्याच आहेत," धाकटा म्हणाला.

गुडघ्यांमुळे आई येणार नव्हती. पण प्रयोगाच्या थोडे आधी ताई तिला घेऊन कपडेपटात हजर झाली.

"हिला खांद्याची शिवण बघायचीय," ताई म्हणाली. "आणि तुझं थोबाड झाकलेलं बघायची संधी मी कशाला सोडू?"

"आई, तू कंटाळशील गं."

"कंटाळले तर डुलकी काढीन. सरळ उभा राहा, घेर बिघडतो."

तो दिग्दर्शिकेकडे गेला. "आवाज घोगराच ठेवू या का?"

"का रे?"

कारण त्याच्या ओठांवर आले होते. बाहेर सभागृह भरत असल्याची गजबज ऐकू येत होती.

"सहज विचारलं," तो म्हणाला.

आवाजाची कळ त्याच्याच बोटाखाली होती. दिवा यंत्रावर आला तशी तिसऱ्या रांगेतली आई ताईच्या कानाशी काही पुटपुटली आणि हसली. त्याने कळ दाबली नसती, तरी शांतता हा प्रयोगाचाच भाग समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या असत्या. हे सारे त्याला सुचले, आणि तरीही त्याने कळ दाबली.

कोणी हाक मारावी तसे आईने आधी मागे वळून पाहिले. मग तिने मान खाली घातली. अल्बम पाठ असलेल्या लोकांनी ती ओळ उचलून धरली, आणि भरलेले सभागृह "कळू देऊ नकोस" असे गात राहिले. ताई एकेक मुखवटा निरखत होती. मुखवट्याआड त्याचा चेहरा घामाने भिजला होता, आणि तो झाकलेला आहे याचे त्याला बरे वाटत होते. त्या बरे वाटण्याचीच त्याला नंतर सर्वांत अधिक लाज वाटली.

कपडेपटात आई त्याच्या झग्याची घडी घालू लागली.

"खांदा चांगला बसला."

"आई—"

"लोकांना आवडलं. झालं तर मग." घडी मोडून तिने ती पुन्हा घातली. "तुला कळलं कधी?"

"थंडीत."

"आणि रोज समोर बसून जेवत होतास."

एरवी टोमणा मारल्याशिवाय न राहणारी ताई खिडकीकडे तोंड करून उभी होती.

सकाळी यंत्राचा आवाज आला. धाकटा दारात जाऊन उभा राहिला. खडखडाटाखालचे ऐकण्याची त्याच्या कानांना आता सवय होती.

आईने पाय थांबवला. "काही हवंय?"

"नाही."

यंत्र पुन्हा सुरू झाले. तिचे ओठ मिटलेलेच होते.