मागच्या बाकावरचे सासरे

विद्यापीठाने मुलांची मतं मागवली: शिकायचं घरून की वर्गात? ज्याला जास्त मतं, ते वर्षभर चालणार. मुलं निवांत होती. धास्ती घेतली ती अर्थशास्त्राच्या सरांनी, कारण सरांच्या घरी सासरे होते. रिटायर हेडमास्तर. आठवड्यासाठी आले आणि मुळं धरून बसले.

सरांनी लॅपटॉप उघडून "मागणी वाढली की..." म्हटलं की मागे खुर्ची करकरायची. "जावईबापू, तोंडातल्या तोंडात काय पुटपुटताय? आवाज चढवा!" नाहीतर, "उदाहरण गचाळ आहे. दुसरं द्या." सरांनी खोली बदलली की खुर्चीही मागोमाग यायची.

शेवटी सरांनी वर्गातल्या पुढारणीला फोन लावला. तिला सगळे भोंगा म्हणायचे.

"वर्गाला मत द्या गं. चार माणसांत शिकण्याची मजाच वेगळी."

"सर, राग मानू नका. आम्ही तुमच्यासाठी लॉगिन करतच नाही. आजोबांसाठी करतो. पब्लिक फिदा आहे त्यांच्यावर."

सरांनी मागे वळून खुर्चीकडे पाहिलं.

"आजोबा वर्गात येणार असतील तर बोला, अख्खी गँग वर्गाला मत देईल."

सर काही कमी बेरकी नव्हते. एक दिवस म्हातारा दाखवायचा, मग वर्षभर घरी ठेवायचा! "आणतो," म्हणाले.

वर्ग दणक्यात जिंकला. पहिल्या दिवशी खिडक्यांतसुद्धा पोरं बसलेली, फोन रोखून. सासरे कडक इस्त्रीत मागच्या बाकावर. सरांनी सुरुवात केली. मागून चकार शब्द नाही.

"आजोबा, टाका ना एखादा!" भोंगा कुजबुजली.

"वर्ग चालू असताना बोलायचं नसतं. फोन आत. पाठ सरळ. खिडकीतले, खाली उतरा!"

फोन खिशांत गेले, खिडक्या रिकाम्या झाल्या. आयुष्यात पहिल्यांदाच सरांनी पूर्ण तास बिनबोभाट शिकवला.

बाहेर भोंगा रडवेली. "सर, परत ऑनलाइन करता येईल?"

"मत दिलंत ना? आता भोगा!" सरांनी खुशीत स्कूटरला किक मारली.

मागे बसत सासऱ्यांनी खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, घरात माणूस घरच्यासारखं बोलून जातो हो. वर्ग तो वर्ग. बरं वाटलं. आता रोज येत जाईन."

"रोज?"

"रोज. आणि तुमच्या चुका वाटेत सांगत जाईन, चारचौघांत नको. जरा सावकाश चालवा, आजच्या बऱ्याच आहेत."