म्हातारी मेंढी

बाहत्तरचा दुष्काळ सरला आन दुसऱ्या वर्सी सोलापूरच्या डॉक्टरीणबाईंनी माजी डावी छाती काढली. कॅन्सरची गाठ व्हती. वरसात जखम भरली, हात वर जाया लागला, मी पुन्यांदा मेंढरांमागं हिंडाया लागले. पर आमच्या मालकांची भीती काय जाईना.

येक दिस ते अक्कलकोटास्नं तपकिरी बाटली घिऊन आले. तितला जुना कंपाउंडर गुरप्पा सांगत व्हता म्हणं, ह्ये आयोडीन, रोज दुदात चार थेंब घ्यायचं, गाठ परत यायची न्हाई. लांबच्या मुलखातल्या बाया समुद्राचं शेवाळ खात्यात, त्यात ह्येच आयोडीन असतं, म्हणून त्यास्नी असली गाठ लई कमी व्हती. झालं! मालक दूद तापवाया बसले. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

खोटं कशाला बोलू, मलाबी ते थेंब घ्यावंसं वाटलं. धाकटी अजून माज्या कुशीत निजती. मला जगायचं हाय, त्यात लाजायचं काय? पर जिनं छाती काढली तिला इचारल्याबिगर मी घोट घेणार न्हवते. बाटली पिशवीत टाकली आन यष्टीनं सोलापूर गाठलं. मालक कुरकुरत मागनं आले.

म्या बाटली काढून दावली तशी बाईंनी माजा गळा चाचपला. त्याला ल्हानपणापास्नं सूज हाय. त्या म्हणाल्या, आयोडीन अंगाला लागतंच, कमी पडलं तर गळा सुजतो. पर जास्त झालं तरीबी गळ्यातली ग्रंथी बिघडती, आन तुमची आदीच नाजूक हाय. आदी रक्त तपासू.

"आन छातीचं?" म्या इचारलं.

"खरं सांगू, केराबाई? माहीत नाही. काहीजण अभ्यास करतायत. गाठ थांबते असं अजून सिद्ध झालेलं नाही. कधीच होणार नाही, असंही मी म्हणणार नाही."

मालकांनी तेवढंच धरलं. "मग थोडं घिऊन बगू की. नुस्कान काय हाय?"

माजं डोस्कंच फिरलं. "आवो, गेल्या साली मेंढरांचं नवं औशीद आणलं. समद्या कळपाला एकदम पाजलं का?"

"न्हाई. आदी एकीला."

"कंच्या एकीला?"

आमच्यात रीतच हाय. नवं औशीद पयलं दूद आटलेल्या म्हाताऱ्या मेंढीला पाजायचं आन आठ दिस बगायचं. मेली तर मेली, कुणी रडत न्हाई.

"ती मेंढी मी व्हणार न्हाई," म्या म्हणलं. "रक्ताचं कळू द्या. बाई म्हणतील तवा घीन, न्हाई म्हणतील तर न्हाई."

मालकांचं डोळं भरलं. त्यांनी बाटली माज्या हातातनं घेतली आन टेबलावर बाईंच्या म्होरं ठिवली.

बाई म्हणाल्या, दर तीन महिन्यांनी तपासाया यायचं. मी तोंड उघडायच्या आदीच मालक बोलले, "तारीख लिवून द्या. मी आणतो हिला."

छाती काढली तवा ह्येच मालक दवाखान्याच्या फाटकाबाहीर दोन दिस बसून व्हते, आत पाऊल टाकलं न्हवतं.