कॉटपाशी न पोचलेला माईक

मी माईक बोलतोय. भाषणाचा नव्हे बरं का! होम थिएटरच्या खोक्यातून निघालेला, लिंबाएवढा. खोलीत बसणाऱ्याच्या कानापर्यंत स्पीकरचा आवाज कसा पोचतो ते मी ऐकायचं आणि त्यावरून मशीननं आवाज जुळवायचा, एवढंच माझं काम.

कडेगावात लालासाहेबांच्या घरी मला त्यांच्या मुलानं, वीरधवलनं, आणलं. तो फौजेत आहे. आपण लांब असलो तरी आईवडिलांना मोठ्या टीव्हीवर आपल्याशी नीट बोलता यावं, ही त्याची हौस. मापं घेताना पंखा बंद, कुकर बंद, सगळे चिडीचूप. स्पीकर एकेक करून शीळ घालू लागले. मध्येच आबा, म्हणजे लालासाहेब, खोकले की पुन्हा पहिल्यापासून!

सोफ्यावरची मापं झाली. मग वीरधवल मला दाराजवळच्या कॉटकडे घेऊन निघाला. आबा दिवसभर तिथंच बसतात.

"माझं कशाला रं? पाव्हणं सोफ्यावर बसत्यात. तितलंच झ्याक कर."

"आवं आबा, पण रोज ऐकणार तुमीच की!"

"मला काय, कुठनंबी ऐकू येतंय."

सोफा पाहुण्यांचा, घरच्यांनी त्यावर बसायचं नाही, असा त्या घरचा रिवाज. वीरधवलनं कॉटपाशी माप न घेताच मला उचलून ठेवलं. मला राग आला, अजूनही येतो.

तो ड्युटीवर गेला आणि त्याच्या आईनं, शालूबाईंनी, मला शोकेसमध्ये घालून कुलूप लावलं. महागाची वस्तू ना! समोर काच, मागे फळी, शेजारी स्टीलचे पेले. ऐकू सगळं येतं, हलता मात्र येत नाही. जीव नुसता गुदमरतो.

सोफ्यावर आवाज स्वच्छ येतो, पण तिथं घरचं कुणी बसत नाही. कॉटला लागून मोठा स्पीकर घुमतो, त्यात बोलणं बुडून जातं. पण ऐकू येत नाही हे आबा कबूल करतील तर शपथ!

परवा टीव्हीवर वीरधवल म्हणाला, "आबा, सुट्टी न्हाई मिळाली. दिवाळीला यायला जमायचं न्हाई."

"ये ये! लय वाट बघतोय," आबा हसत म्हणाले.

वीरधवलनं मान खाली घातली. पुन्हा सांगायला त्याचं तोंडच उघडेना. शालूबाई चहा घेऊन आल्या तेव्हा कॉल संपला होता.

"दिवाळीला येतोय पोरगं," आबांनी त्यांना सांगितलं.

तेव्हापासून घरात त्याच्या येण्याचीच बोलणी चालली आहेत. मी काचेआड तडफडतोय. तुमच्यापैकी कुणी त्या घरी पाहुणे म्हणून गेलात, तर एवढं करा. तुम्ही कॉटवर बसा, आबांना हाताला धरून सोफ्यावर बसवा, आणि वीरधवलला कॉल लावा.