पेटीमागचा वारा

माझ्या घरात माझ्या हाकेला ओ न देणारी पहिली पोर म्हणजे जीना. तिच्या बापाची ही हिंमत झाली नाही. तो कुवेतहून फोनवरसुद्धा दुसऱ्या शब्दाला "हो आई" म्हणतो. आणि ही चोवीस वर्षांची घोडी कामावरून आली की कानांवर दोन वाट्या चढवते आणि खोलीत शिरते. मग मी हाक मारो की देवळाची घंटा वाजो, तिला सगळं सारखंच.

घरात आम्ही तिघंच. मी, माझी नात जीना आणि तिचे आजोबा सॅन्टन. एके काळी केळीचे दोन लोंगर दोन खांद्यांवर टाकून वाडीतून येणारा हा माणूस आता खाटेवर असतो. फुप्फुसं गेली. नाकाला नळी, नळीला खोलीतली हवा ओढून ऑक्सिजन काढणारं मशीन. डॉक्टरांनी मला बोटाचा चिमटा दिलाय. त्यात आकडा येतो. नव्वदच्या खाली गेला की घाबरायचं. मी चौथीत शाळा सोडली, पण आकडा मला कळतो.

जीनाने खेळायला एक कॉम्प्युटर बनवला. स्वतः, एकेक वस्तू मागवून. शिवणयंत्राच्या झाकणाएवढी काळी पेटी, तिच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात बसवलेली. पण पेटी तापायची. ऐन खेळात बंद पडायची आणि जीना टेबलावर मूठ आपटायची.

"आजी, आत पाणी फिरतं बघ," ती मला एकदा सांगत होती, तेव्हा कानांवर वाट्या नव्हत्या. "या दोन काळ्या नळ्यांतून. पाणी ताप उचलतं आणि इथे रेडिएटरमध्ये आणून सोडतं. मग पंखे तो उडवतात."

"कुठे उडवतात?"

"तेच जमत नाहीये ना! पंखे आत ओढणारे लावले तर पेटीच्या पोटात गरम होतं. बाहेर फेकणारे लावले तर कपाटात हवा कोंडते आणि फिरून परत आत येते."

इस्टरनंतरचे दोन आठवडे ती पंखे उलटेसुलटे करत बसली. शेवटी मी नोव्हेनाच्या प्रार्थनेला गेले असताना तिने ऑस्कर सुताराला बोलावलं आणि कपाटाच्या मागच्या फळीला भोक पाडून घेतलं. पेटीपासून भोकापर्यंत पुठ्ठ्याचा बोगदा केला. मी आले तर गळ्यातच पडली.

"समोरून थंड हवा आत, मागून गरम बाहेर! आजी, अठरा डिग्री उतरले!"

खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. शेजारच्या सालोमीला मी दोनदा सांगितलं की आमच्या पोरीने मशीन बांधलं, तिच्या मुलाला बल्ब बदलता येत नाही.

त्याच आठवड्यात सॅन्टनचा आकडा उतरायला लागला.

सकाळी त्र्याण्णव, दुपारी त्र्याण्णव. संध्याकाळी रोझरीची माळ घेऊन बसलो की नव्वद. दोन दिवसांनी अठ्ठ्याऐंशी. मशीनवर पिवळा दिवा लागायचा. माणिकपूरहून मशीनवाला आला, तो भर दुपारी. जाळी झाडली, तपासलं, म्हणाला, "मावशी, मशीन एकदम ओके आहे." संध्याकाळी पुन्हा पिवळा दिवा.

सॅन्टनचे ओठ जांभळे दिसायला लागले. एकदा त्याने माझा हात धरला. "इझाबेल, दिवस कलला की कोणीतरी माझ्या तोंडावर गोधडी धरतं गं."

"कोण धरणार? मी इथेच बसलेय ना," मी म्हटलं. पण त्या रात्री मी त्याच्या खाटेजवळच चटई टाकली.

सालोमी येऊन बघून गेली. दारात उभी राहून हळूच म्हणाली, "फादरना बोलाव इझाबेल. शेवटचं तेल लावून घे. असं संध्याकाळी संध्याकाळी उतरतं ना, ते बरं नसतं."

"तुझ्या नवऱ्याला लाव तेल," मी म्हटलं. तिने वाईट मानलं नाही. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

शुक्रवारी जीनाने रजा घेतली. रविवारी तिची कसली तरी स्पर्धा. दुपारी जेवून खोलीत गेली ती बाहेर आलीच नाही. त्या दिवशी आकड्याने संध्याकाळचीही वाट पाहिली नाही. चार वाजता शहाऐंशी. साडेचारला चौऱ्याऐंशी, आणि मशीन किंचाळायला लागलं. प्लग सैल झाला असेल म्हणून मी गुडघे टेकून मशीनच्या मागे वाकले.

गालावर गरम वारा आला.

आम्ही केळी पिकवायला खोलीत धुरी कोंडायचो. तिचं दार उघडताना सासू मला ओरडायची, बाजूला हो, तोंडावर घेऊ नकोस. अगदी तसाच वारा. फळ्यांच्या भिंतीला खाली बशीएवढं गोल भोक होतं, आणि त्याच्या समोर चार बोटांवर मशीनची हवा ओढायची काळी जाळी. जीनाच्या पेटीने टाकलेलं माझा नवरा श्वासाला घेत होता.

मशीनला चाकं आहेत. मी ते ओढत खिडकीपाशी नेलं, भोकात उशी कोंबली आणि चिमटा लावून बसले. एक नमो मरिया, चौऱ्याऐंशी. पाच झाल्या, पंच्याऐंशी. माळेची दोन दशकं, म्हणजे वीस नमो मरिया, संपली तेव्हा मशीन गप्प झालं आणि आकडा एकोणनव्वदवर येऊन अडला. पुढे जाईना. त्याचे डोळे मिटलेले होते.

मी उठले. जीनाच्या कानांवरच्या वाट्या उपटून काढल्या.

"आजी! मॅच चालू आहे!"

"पेटीचा ताप कुठे जातो?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे?"

तिची बोटं थांबली. "आजोबांच्या खोलीत. पण तेवढीशी तर हवा, आजी."

"तेवढीशी? तुला काय माहीत केवढी?"

ती पडद्याकडे बघतच बारीक आवाजात बोलली. "गेल्या रविवारी आजोबांच्या खोलीत, भोकाशेजारच्या खालच्या फळीवर मेणबत्त्यांचा पुडा होता. वाकल्या होत्या सगळ्या."

"मग?"

"मग मी पुडा वरच्या फळीवर ठेवला."

"आणि मशीन?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ते मी मोजलं नाही.

"जीना," मी म्हटलं, "मेण वितळतंय हे तुला कळलं आणि तू मेण उचललंस. यात पंख्याचा दोष नाही, ऑस्करचाही नाही. तुझ्या लेखी तो माणूस कधीच गेलाय. माझ्या लेखी तो अजून खाटेवर आहे. ती पेटी आत्ता बंद कर, उचल आणि अंगणात नेऊन ठेव. आणि मग त्याच्या उशाशी येऊन बस. तो एकोणनव्वदचा नव्वद होईपर्यंत तू माझी नात नाहीस."